मामूंची लेन्स आणि अर्धा मिलिमीटर

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

उर्दूत लेन्सला 'अदसा' म्हणतात. शब्द अरबीतून आलेला. अदस म्हणजे मसूर. गंमत अशी की लॅटिन भाषेतही 'लेन्स' म्हणजे मसूरच. मसुरीचा एक दाणा दोन बोटांत धरून बाजूने पाहा. मध्ये फुगीर, कडेला पातळ. काचेच्या तशा तुकड्याला हे नाव ज्याने दिलं, त्याच्या घरी त्या दिवशी मसूर शिजत असणार, असं मला उगीचच वाटत आलं आहे. आपलं मराठी 'भिंग' काही स्वयंपाकघरातून आलेलं वाटत नाही.

अशी एक मसूर आमच्या घरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, शर्टाच्या बटणांच्या आणि दोऱ्याच्या रिळांच्या सोबतीला पस्तीस-एक वर्षं पडून होती. माझ्या मामूंची. बुलडाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांचा फोटो स्टुडिओ होता, आणि स्टुडिओत एक बोलेक्स कॅमेरा. स्वित्झर्लंडच्या पैयार कंपनीचा, सोळा एमएमचा. हे 'एच-१६' मॉडेल १९३५ साली निघालं आणि पुढे अनेक दशकं जगभर चाललं. त्याला बॅटरी लागत नसे. घड्याळासारखी चावी भरायची, की जेमतेम अर्धा मिनिट तो चालायचा. शंभर फुटांचं रीळ चोवीस चित्रांच्या वेगाने पावणेतीन मिनिटांत संपायचं, आणि ते धुवायला मुंबईला पाठवावं लागे. अख्ख्या लग्नाला दोन रिळं मिळाली तर मामू स्वतःला नशीबवान समजत. त्यामुळे बटण दाबण्याआधी ते पुष्कळ वेळ नुसते बघत उभे राहायचे. लोकांना वाटायचं, कॅमेरा बिघडला.

त्या कॅमेऱ्याच्या तोंडावर फिरतं चाक होतं आणि त्यावर तीन लेन्स. एक रुंद दाखवणारी, एक लांबचं जवळ आणणारी, आणि मधली २५ मिलिमीटरची. १९७८ साली एका वरातीत धक्काबुक्की झाली आणि ही मधली लेन्स बदलता बदलता हातातून निसटून फरशीवर पडली. काच वाचली, पण मागची कड चेपली. मामूंनी खामगावला एका लेथवाल्याकडून पितळेचं जाडसर कडं करून तिच्यावर चढवून घेतलं. पुढे व्हिडिओ आला, सोळा एमएमचा धंदा बसला, कॅमेरा विकावा लागला. घेणाऱ्याने ही कडंवाली लेन्स नाकारली. म्हणून ती राहिली आणि अम्मीकडे आली. बाकी मामूंचं काही उरलं नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या मुलीने ती डब्यातून काढली आणि विचारलं, "अब्बा, ही माझ्या कॅमेऱ्यावर बसेल का?"

मी साधा बी. ए. माणूस, कविता करणारा. पण या एका प्रश्नाने मला वर्षभर मिलिमीटर मोजायला लावले. ते आज तुम्हाला सांगतो.

लहानपणी आपण सगळ्यांनी भिंगाने कागद जाळला आहे. भिंग पुढेमागे करत करत एका जागी उन्हाचा ठिपका अगदी टोकदार होतो आणि तिथे धूर निघतो. भिंगापासून कागदापर्यंतचं ते अंतर म्हणजे त्या भिंगाचं नाभीय अंतर. २५ मिलिमीटरची लेन्स म्हणजे सूर्य, चंद्र, डोंगर अशा फार लांबच्या गोष्टींचं चित्र जिच्यामागे २५ मिलिमीटरवर पडतं ती लेन्स. वस्तू जवळ आली की चित्र आणखी मागे सरकतं. म्हणून जवळचं टिपायला लेन्स फिरवून पुढे काढावी लागते. फोकस करणं म्हणजे इतकंच.

आता ही लेन्स कॅमेऱ्यावर बसते कुठे? प्रत्येक कॅमेरा कंपनीने एक अंतर ठरवलेलं असतं. लेन्स जिथे टेकते त्या कडेपासून फिल्मपर्यंतचं, आजच्या कॅमेऱ्यात सेन्सरपर्यंतचं. सोळा एमएमच्या जगात अमेरिकेच्या बेल अँड हॉवेल कंपनीने रूढ केलेली 'सी-माउंट' नावाची बैठक चालायची. एक इंच व्यासाचे आटे, इंचाला बत्तीस फेरे, आणि अंतर १७.५२६ मिलिमीटर. पुढे बोलेक्ससह कितीतरी कंपन्यांनी तीच बैठक स्वीकारली. स्विस, फ्रेंच, इंग्रज, अमेरिकन, कुणाचीही लेन्स कुणाच्याही कॅमेऱ्यावर बसायची. आज चार्जरच्या पिना बदलत बसणाऱ्या आपल्या पिढीला याचं अप्रूप वाटावं. आणि ही बैठक अजून जिवंत आहे. चौकाचौकांतल्या पुष्कळ जुन्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना, कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकावर बसवायच्या कॅमेऱ्यांना तेच एक इंची आटे असतात.

पण सर्वसाधारण फोटोग्राफरकडे जो मोठा कॅमेरा असे, त्याच्या पोटात आरसा. लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरशाला उचलण्यापुरती जागा हवी, म्हणून तिथलं अंतर मोठं. निकॉनमध्ये ४६.५ मिलिमीटर, कॅननमध्ये ४४. मामूंच्या लेन्सला हवेत साडेसतरा. म्हणजे ती कॅमेऱ्याच्या पोटात आरशाच्याही मागे बसवावी लागली असती. अशक्यच. म्हणून या लेन्स जगभर कपाटांत आणि डब्यांत पडून राहिल्या.

२००८ साली पॅनासॉनिकने 'जी-१' नावाचा कॅमेरा काढला. त्यात आरसाच नव्हता. सेन्सरवरचं चित्र सरळ छोट्या पडद्यावर दिसायचं. आरसा गेला तसं अंतर आक्रसलं. या 'मायक्रो फोर थर्ड्स' घराण्यात ते १९.२५ मिलिमीटर आहे. सोनीच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यात १८. निकॉनने २०११ मध्ये 'निकॉन वन' नावाची छोट्या सेन्सरची मालिका काढली, तिच्यात १७. त्याच वर्षीच्या पेन्टॅक्स क्यू या चिमुकल्या कॅमेऱ्यात तर फक्त ९.२. जगभरच्या हौशी लोकांनी आपापले डबे उघडले ते तेव्हा.

माझ्या मुलीचा कॅमेरा मायक्रो फोर थर्ड्सचा. १९.२५ मधून १७.५२६ वजा केले तर १.७२४ उरतात. म्हणजे लेन्स कॅमेऱ्याच्या तोंडापेक्षा पावणेदोन मिलिमीटर आत बसायला हवी. तशी रिंग मिळते, मध्ये वाटीसारखा खोलगट भाग असलेली. तिला अडॅप्टर म्हणतात.

तुम्ही म्हणाल, पावणेदोन मिलिमीटरचं एवढं काय? हिशेब सोपा आहे. २५ गुणिले २५ म्हणजे ६२५. त्याला जेवढी चूक असेल तेवढ्याने भागा. येणारा आकडा म्हणजे ती लेन्स जास्तीत जास्त किती लांबचं स्वच्छ दाखवेल ते अंतर, मिलिमीटरमध्ये. चूक पावणेदोन मिलिमीटरची असेल तर फार फार तर हातभर लांबचं दिसेल. अर्ध्या मिलिमीटरची असेल तर सव्वा मीटर. आणि कागदाच्या जाडीइतकी, म्हणजे एक दशांश मिलिमीटरची असेल, तरीही सव्वासहा मीटरच्या पलीकडे धूसर. माझ्या अंगणातला कडुलिंब त्याहून लांब आहे.

हे दुखणं आजचं नाही. फाळक्यांनी १९१२ साली इंग्लंडला जाऊन विल्यमसनचा कॅमेरा आणला, त्यात ही अंतरं कारखान्यातच बसवलेली होती. पण कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर या दोघांनी कॅमेराच स्वतः बनवायचं मनात घेतलं. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून काम पुरं केलं, आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' लोकांसमोर आला. बाबूरावांचं चित्रकार म्हणून, दिग्दर्शक म्हणून आपण कौतुक करतो, ते बरोबरच आहे. पण मला आता त्या लेथकामाचं जास्त वाटतं. लेन्स आणि फिल्म यांच्यातलं अंतर त्या काळात, त्या हत्यारांनी, केसाइतकं अचूक राखायचं, आणि तेही फिल्म सेकंदाला सोळा वेळा थांबत-पळत असताना! मी एक रिंग घासताना रडकुंडीला आलो होतो.

ते पुढे येईलच. आधी दुसरी अडचण सांगतो, वर्तुळाची.

लेन्स गोल असते म्हणून ती चित्रही गोलच पाडते. आपण त्या गोलातून चौकोन कापून घेतो. सोळा एमएमच्या फिल्मवर चित्राचा चौकोन केवढा? १०.२६ बाय ७.४९ मिलिमीटर. करंगळीच्या नखाएवढा. त्याचा कर्ण १२.७. लेन्स बनवणाऱ्याने एवढा चौकोन झाकेल इतकंच वर्तुळ मनात धरलेलं. अंगणात कंदील ठेवला की त्याच्या उजेडाचं एक रिंगण पडतं, त्या रिंगणात एक सतरंजी मावते. तिथे लग्नातलं जाजम अंथरलं तर कोपरे अंधारात राहणार. मायक्रो फोर थर्ड्सच्या सेन्सरचा कर्ण २१.६, म्हणजे जाजम. चारही कोपरे काळे, मधोमध गोल चित्र, जुन्या सिनेमात दुर्बिणीतून पाहतात तसं. निकॉन वनचा कर्ण १५.९. तोही थोडा मोठाच, पण २५ मिलिमीटरच्या बहुतेक लेन्स तेवढं सांभाळून घेतात, कारण त्यांचं वर्तुळ गरजेपेक्षा थोडं सैल असतं. रुंद दाखवणाऱ्या, दहा-पंधरा मिलिमीटरच्या लेन्सचं वर्तुळ मात्र कंजूष असतं.

मुलीला काळ्या कोपऱ्यांची फिकीर नव्हती, कोपरे छाटता येतात. अडलं ते वेगळ्याच जागी. त्या वाटीसारख्या रिंगमध्ये मामूंचं पितळी कडं शिरेना. दोन-तीन मिलिमीटरने मोठं. अशा वेळी कड घासून बारीक करायची ही या हौसेतली सर्रास रीत आहे. "अब्बा, दोन मिनिटांचं काम आहे," मुलगी म्हणाली. लेथवालाही तयार होता.

कड्यावर एका बाजूला सुईने कोरलेली दोन उर्दू अक्षरं आहेत, मामूंच्या नावाची, आणि शेजारी '१९७८'. घासायचं म्हणजे ती जाणार. मी स्वतः दोन्ही बाजूंनी विचार केला. वस्तू वापरात राहणं हीच तिची इज्जत, नुसतं डब्यात ठेवून काय करायचं, हे मला पटत होतं. आजही पटतं. पण अम्मीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही असं ठरवलं. तिने लेन्स हातात घेतली, अंगठा कड्यावरून एकदा फिरवला आणि म्हणाली, "काँच का तुम जानो. पितल को हात मत लगाओ."

विषय मिटला. आता कड्याला न दुखवता लेन्स बसेल असा कॅमेरा शोधणं आलं. तो म्हणजे निकॉन वन. तिथलं अंतर १७, लेन्सला हवेत १७.५२६. म्हणजे आत खोल जायचं नाही, उलट अर्धा मिलिमीटर बाहेर राहायचं. कडं बाहेरच्या बाहेर राहतं. ही मालिका कंपनीने २०१८ मध्ये बंद केली, त्यामुळे कॅमेरा जुन्या बाजारातून आणला. मोठ्या सेन्सरच्या हट्टापायी लोकांनी नाकारलेला छोट्या सेन्सरचा कॅमेरा आणि कडं चढवलेली म्हणून नाकारलेली लेन्स. बरी जोडी जमली.

रिंग टपालाने आली. लेन्स बसवून आम्ही लोणारला गेलो, कारण अनंतावर फोकस तपासायला आमच्या जिल्ह्यात याहून चांगली जागा नाही. उल्का पडून काळ्या कातळात झालेला तो खळगा, काठापासून समोरच्या काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर. लेन्स अनंताच्या खुणेवर नेली. पायाशी चार पावलांवरच्या झुडपाचा एकेक काटा मोजता येत होता. पलीकडचा काठ मात्र लोण्यात बुडालेला.

परत येऊन व्हर्निअरने रिंग मोजली. हवी होती ०.५३, निघाली ०.७०. चूक ०.१७ ची. ६२५ ला ०.१७ ने भागा, पावणेचार मीटरच्या आत येतं. चार पावलांवरचं झुडूप! हिशेब इतका चोख निघाला की चूक सापडल्याचं दुःख होण्याऐवजी मला आनंदच झाला. गणिताने मला शाळेत असं कधी वागवलं नव्हतं.

अशा वेळी एक पळवाट असते. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, बारीक करायचं. डोळे किलकिले करून लांबची पाटी वाचतो तसं. भोक लहान झालं की प्रत्येक बिंदूपासून येणारा उजेडाचा शंकू निमुळता होतो आणि फोकसची चूक बरीचशी झाकली जाते. पण मग ही लेन्स घ्यायचीच कशाला? तिची खरी गंमत भोक मोठं ठेवण्यात आहे. चेहरा धारदार आणि मागचं जग हळूहळू वितळत गेलेलं. मोबाइलही आता मागचं धूसर करून देतो, पण तो गणित करून कात्रीने कापल्यासारखं करतो. ओढणीची किनार आणि केसांची बट कुठे संपते हे त्याला पुष्कळदा कळत नाही. काचेला ते कळावं लागत नाही.

म्हणून रिंग घासायची ठरली. सपाट काचेवर झिरो नंबरचा पॉलिश पेपर, त्यावर पाण्याचे थेंब, आणि रिंग इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवायची. एकाच बाजूला जोर पडला तर रिंग तिरकी होते आणि चित्राची एक बाजू स्वच्छ, दुसरी गढूळ येते. थोडं घासायचं, चार ठिकाणी मोजायचं, पुन्हा घासायचं. कवितेतही मी हेच करतो म्हणा, पण तिथे व्हर्निअर नसतो. शेवटी व्हायचं तेच झालं. जास्त घासली गेली, ०.३८ वर आली.

पण जाड रिंगेपेक्षा पातळ रिंग परवडते, हे लक्षात ठेवा. पातळ असली तर लेन्स अनंताची खूण येण्याआधीच अनंताला पोचते आणि खुणेवर नेली तर अनंताच्याही पुढे जाते! थोडी मागे फिरवली की झालं. वाटलंच तर मध्ये पातळ वायसर घालता येतो. आमच्याकडे मामूंच्या जुन्या डबीत रिळाच्या सुरुवातीची कोरी पट्टी होती. फिल्मची जाडी साधारण मिलिमीटरचा सातवा भाग, म्हणजे ०.१४. तिचे बारीक तुकडे कापून रिंगेवर गोलाकार मांडले. ०.३८ अधिक ०.१४, झाले ०.५२. पुढच्या खेपेला लोणारचा पलीकडचा काठ दिसला आणि काठावरच्या वाटेने उतरणाऱ्या शेळ्याही.

ज्यांना हा उद्योग करून पाहायचा आहे त्यांना दोन-चार गोष्टी सांगतो. जुन्या लेन्सना विजेचे संपर्कबिंदू नसतात, म्हणून माझ्या हातातल्या कॅमेऱ्याचं प्रकाशमापक ही लेन्स लावल्यावर झोपतं. फोकस हाताने, उजेड अंदाजाने. फिल्मच्या खोक्यावर छापायचे तो जुना नियम कामाला येतो. लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर १६ ठेवा आणि शटर फिल्मच्या संवेदनक्षमतेएवढं. १०० ची असेल तर शंभरांश सेकंद. मामू उजेड सावलीच्या कडेवरून ओळखत. कड रेघेसारखी असेल तर १६, मऊ असेल तर ११, सावलीच नसेल तर ८. हलतं चित्र ट्यूबलाइटखाली घ्यायचं असेल तर शटर एक पन्नासांश ठेवा, कारण आपली वीज पन्नास आवर्तनांची आहे, म्हणजे चित्र लुकलुकत नाही.

विकत घेताना लेन्सवरची अक्षरं वाचा. बोलेक्सने १९५६ पासून काही कॅमेऱ्यांत लेन्सच्या मागे काचेचा लोलक बसवला. त्या जाड काचेचा हिशेब धरून बनवलेल्या लेन्सवर 'आरएक्स' लिहिलेलं असतं. लोलक नसलेल्या कॅमेऱ्यावर त्या, विशेषतः ५० मिलिमीटरपेक्षा लहान असतील तर, मोठ्या भोकाला गढूळ दिसतात. सीसीटीव्हीच्या लेन्स स्वस्त आणि मजेदार, फक्त 'सीएस' प्रकारची घेऊ नका. आटे तेच असतात, पण तिला हवं ते अंतर १२.५, म्हणजे पाच मिलिमीटर कमी. आणि चामड्याच्या पाकिटात कधी ठेवू नका. चामडं पावसाळ्याची ओल धरून ठेवतं आणि काचेवर बुरशीची जाळी धरते. हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. मामूंच्या लेन्सच्या आतल्या काचेवर एक जाळी आहेच. उन्हाकडे तोंड केलं की चित्रावर पांढुरकी झाक येते. उघडून पुसून देणारे आहेत, पण मी तिच्यात आणखी कुणाचा हात घालू दिला नाही.

एक सांगायचं राहिलं. १९७८ मध्ये कडं बसवून आणल्यावर लेन्स नीट बसली की नाही हे पाहायला मामूंनी अम्मीला अंगणात उभं करून थोडी फिल्म चालवली होती. ते रीळ धुवायला गेलं ते परत आलंच नाही. वाटेत कुठे हरवलं कोण जाणे. मामूंनी दोन-तीन पत्रं टाकली, मग सोडून दिलं. अम्मीने मात्र सोडलं नव्हतं. हे आम्हाला माहीत नव्हतं. लेन्स घासायला तिने नाही म्हटलं तेव्हाही ती काही बोलली नव्हती.

लोणारहून आलो त्याच आठवड्यात मुलीने तिला अंगणात, कडुलिंबाखाली बसवलं. सकाळचं कोवळं ऊन, भोक पूर्ण उघडं. आजीने कुठे बघायचं विचारलं. "इकडेच बघ," मुलगी म्हणाली. पंधरा-वीस सेकंद कॅमेरा चालला. मग तिने पडदा आजीकडे वळवला. अम्मीने चष्मा पुसून पाहिलं. पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर म्हणाली, "बाल कितने सफेद आए. उस रील में काले थे."